निरंक

आमच्या वाडीतली पहिली पदवीधर मी. मुलींमधली पहिली नव्हे, अख्ख्या वाडीतली पहिली. माझ्या आधीचा सर्वांत शिकलेला माणूस दहावीला दोनदा बसून मुंबईला गेला होता. मी रोज डोंगर उतरून पोलादपूरच्या शाळेत गेले, मग महाडच्या कॉलेजात बीएस्सी झाले, विषय वनस्पतिशास्त्र. याचा मला अभिमान होता आणि आजही आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण या पदवीमुळे वाडीत माझा शब्द चालू लागला, आणि तो चालला म्हणून जे झालं ते सांगायला मी बसले आहे.

ही हकिगत आमच्या पाण्याची आहे, आणि माझ्या वहिनीच्या म्हशीची.

वाडी पोलादपूरच्या वर, कशेडीच्या अंगाला. पंचवीस-तीस घरं. गाडी खालच्या रस्त्यापर्यंत, पुढे पायवाट. वाडीच्या वर एक दाट रान होतं आणि रानाच्या पायथ्याशी खडकाखालून पाणी यायचं. पुस्तकात त्याला झरा म्हणतात. आम्ही नुसतं 'पाणी' म्हणायचो. बायका 'पाण्यावर जाते' म्हणायच्या, आणि कुठल्या पाण्यावर असं कुणी विचारायचं नाही, कारण दुसरं नव्हतंच. खडकाखाली परातीएवढा एक खळगा होता. तो भर वैशाखातसुद्धा काठोकाठ असायचा. शाळेत जायच्या आधी तिथून दोन हंडे आणणं हे माझं काम होतं. डोक्यावरची चुंबळ काढायची, वेण्या नीट करायच्या आणि उतार धरायचा. या कामातून सुटायचं, हे माझ्या शिक्षणामागचं अर्धं कारण होतं.

दादाचं लग्न मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना झालं. वहिनी माहेराहून येताना एक पारडी घेऊन आली. पुढे तिची म्हैस झाली, व्याली, आणि दूध पोलादपूरच्या एका हॉटेलात जाऊ लागलं. घर आईचं, शेत दादाचं. वहिनीचं स्वतःचं म्हणावं असं त्या घरात म्हैस तेवढी होती. आणि म्हशीला पाणी लागतं. माणसाचं तांब्याभर पाण्यात भागतं, म्हशीचं नाही.

निकाल लागला त्याच्या पुढच्या शिमग्याला मुंबईकर वर आले. आमच्या वाडीतले निम्मे पुरुष मुंबईत, त्यांना आम्ही मुंबईकर म्हणतो. त्यांना देवळाला स्लॅब हवा होता. कौलारू देऊळ बघून मुंबईचे पाहुणे हसतात म्हणे. महाडचा एक लाकडाचा व्यापारी वरचं रान उभंच्या उभं घ्यायला तयार होता. रान सरकारी नव्हतं, वाडीच्या सामायिक मालकीचं होतं. दुपारी देवळासमोर सगळे बसले. पुरुष पुढे, बायका मागे, नवी सून म्हणून वहिनी सगळ्यांच्या मागे.

आई एकटीच बोलली. "पाण्यावरची झाडं नको रे. दुसरीकडची काय ती न्या."

"काकी," एक मुंबईकर म्हणाला, "झाडं काय, फुटतात परत. देव तुझ्या जन्मात परत मागणार हाय का स्लॅब?"

"देवानं मागितलाय का तुझ्या मेव्हण्यानं?" आई म्हणाली, आणि सगळे हसले.

मग कुणीतरी माझ्याकडे बोट केलं. "ही शिकलीय ना झाडांचंच? हिला विचारा. टाइमपास कशाला?"

मी उभी राहिले. वाडीच्या बैठकीत बाई उभी राहून बोलली ती तेव्हा पहिल्यांदा. मी काटकी घेऊन धुळीत झाड काढलं, मुळं काढली, पानं काढली. झाड मुळांनी पाणी ओढतं आणि पानांतून वाफेच्या रूपात हवेत सोडतं, हे सांगितलं. एवढं रान दिवसाला किती पाणी ओढत असेल याचा विचार करा, म्हणाले. झाडं गेली तर तेच पाणी खाली आपल्याकडे येईल.

"म्हंजे इतकी वर्षं झाडं आपलं पाणी चोरीत होती!" तो मुंबईकर म्हणाला. "आणि आपण त्यांना हळदीकुंकू लावतोय!"

आई गप्प बसली नाही. तिने समोरच्या उघड्याबोडक्या डोंगराकडे हात केला. "मंग त्या डोंगरावर झाड नाय, तिथं पाणी का नाय गो?"

एवढ्या माणसांसमोर, मुंबईकरांसमोर, आईने मला अडवलं होतं. मी म्हणाले, "तिथला खडक वेगळा आहे."

हे मी तिथल्या तिथे बनवलं. खडकाचं मला काहीही माहीत नव्हतं. पण ते इतकं शास्त्रीय वाटलं की आईने हात खाली घेतला. 'असंल बाई,' एवढंच म्हणाली.

झाडतोडीला परवानगी लागते. तिचा अर्ज अर्थातच मी लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. दादा सुतळी घेऊन रानात फिरला, घेर मोजून आला, आणि मी यादी केली: ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा, जांभूळ, नाणा. प्रत्येकापुढे कंसात शास्त्रीय नाव लिहिलं. ते कुणी मागितलं नव्हतं. तक्त्याच्या शेवटी एक ओळ छापलेली होती: नदी, नाला, विहीर यांपासून अंतर.

आमचं पाणी नदी नव्हतं, नाला नव्हता, विहीरही नव्हती. मी त्या ओळीपुढे लिहिलं, 'निरंक'. कचेरीच्या भाषेत निरंक म्हणजे काही नाही. साधं 'नाही' लिहिता आलं असतं, पण निरंक जास्त शिकलेलं दिसत होतं. तो प्रश्न कशासाठी छापलाय हे मला कळलं होतं. पाण्याजवळची झाडं तोडू देत नाहीत, हे दादानेच कचेरीतून ऐकून आणलं होतं. मला न कळून चूक झाली असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मी नीट विचार करून, ज्यावरून कुणाला पकडता येणार नाही असा शब्द शोधून लिहिलं.

पाहणीला माणूस आला. चढून चढून दमला होता. आमच्या पडवीत बसून चहा प्यायला, यादीतली शास्त्रीय नावं पाहून म्हणाला, "बाई, आमचं काम तुम्हीच करून ठेवलंत की," आणि रानात न जाता खाली उतरला. चहा त्या पाण्याचाच होता.

दिवाळीनंतर तोड सुरू झाली. जाड खोडं खाली रस्त्यावर ट्रकमध्ये गेली. बाकीच्याचा जागेवरच कोळसा पाडला. लाकडं रचायची, वरून पाला आणि माती लिंपायची, आत आग द्यायची आणि दिवसच्या दिवस धुमसू द्यायची. चार-पाच भट्ट्या एकदम लागल्या होत्या. वाडीवर निळा धूर बसून राहायचा, वाळत घातलेल्या धोतराला, भाताला, केसांना त्याचा वास. वहिनी खोकत म्हशीच्या डोळ्यांवर ओला फडका फिरवायची. धूर कुठे जातो, असं कुणाच्या मनात आलं नाही. धूर वर जातो. वर जागा पुष्कळ आहे, असंच वाटायचं.

आणि मग गंमत बघा. त्या उन्हाळ्यात पाणी खरंच वाढलं. खळगा भरून वाहू लागला, खाली पायवाट ओली झाली. माझं नाव झालं. स्लॅबच्या उद्घाटनाला मुंबईकरांनी मला नारळ दिला. "मॅडम, मानलं आपल्याला. एकदम करेक्ट!" आई ओंजळीने पाणी प्यायली आणि म्हणाली, "माती लागतीय गो." मी म्हटलं, आई, तू पण ना.

त्याच वर्षी मला महाडच्या एका हायस्कुलात विज्ञानशिक्षिकेची नोकरी लागली. लग्नही महाडमध्येच झालं. नवरा एका रसायनाच्या कारखान्यात. घरात नळ. पहिल्या दिवशी मी उगीचच दोनदा नळ सोडून बघितला. पुढे फ्रीज आला, नवऱ्याची मोटारसायकल आली. कुणाचं चोरून काही घेतलं नव्हतं, दोघांच्या कष्टाचं होतं. हे सगळं कशावर चालतं आणि त्याचा धूर कुठे जातो, ते मला आता ठाऊक होतं, कारण मीच ते शिकवत होते. पण शिकवणं वेगळं आणि घर वेगळं.

दर मे महिन्याच्या सुट्टीत मी माहेरी जायची. तिसऱ्या वर्षी खळगा भरून वाहत नव्हता. पाचव्या वर्षी काठापर्यंत येत नव्हता. आई गेली त्या वर्षी बायका तांब्याऐवजी वाटीने पाणी उपसत होत्या. मग पाळ्या लागल्या. शिमग्यापासूनच खळग्यापाशी हंड्यांची रांग. एक हंडा भरायला वहिनीला तासभर बसावं लागायचं, आणि म्हैस गोठ्यातून हंबरायची. दुसरीकडे पावसाळ्यात वरच्या उतारावरून लाल पाण्याचे लोट खाली यायचे. नागलीचं एक शेत मातीखाली गेलं. पाऊस पूर्वीही खूप पडायचा, पण तो मुरायचा. आता तो यायचा, सगळं ओरबाडून जायचा, आणि दसरा झाला की जमीन भाजल्यासारखी.

"या वन्सं," वहिनी मला म्हणायची, "नळाच्या गावच्या. आंघोळ करूनच आलात ना? आमच्याकडं आज पाव्हण्याला आंघोळ नाय."

"वयनी, तसं काय बोलता."

"मंग काय बोलू? तुमच्या फ्रीजातला बरफ तरी आणायचा होतात पिशवीत. म्हशीपुढं ठेवला असता."

ती थट्टाच करायची. पण मी हसले की तिचं हसू आधी थांबायचं.

त्याच सुमाराला पाठ्यपुस्तकात जागतिक तापमानवाढीचा धडा आला होता. मी तो फार छान शिकवायची. पृथ्वीने गोधडी पांघरली आहे, त्या गोधडीवर माणूस आणखी गोधड्या टाकतोय, असं सांगायची. शाळेच्या पर्यावरणाच्या कार्यक्रमात भाषणही केलं. 'माणसाने निसर्गावर घाला घातला आहे.' टाळ्या पडल्या. त्याच मे महिन्यात खळग्यापाशी वहिनीच्या शेजारी बसून मी तोच धडा तिला सांगितला. म्हटलं, वयनी, हे फक्त आपल्याकडे नाय. सगळं जग तापतंय. पावसाचं वेळापत्रक बिघडलंय. म्हणून पाणी आटतंय.

तिने वाटीने पाणी हंड्यात ओतलं. "जग म्हंजे कोण, वन्सं?"

"म्हणजे सगळी माणसं. कारखाने, गाड्या, जंगलतोड, धूर."

"मी का त्याच्यात?"

"तशी आपण सगळीच."

"राब तर आम्ही भाजतो दरसाल, पेरणीआधी शेतात फांद्या-पाला जाळून. त्याचा धूर होतो. आन चूल हाय. मंग माझा पन हात हाय का जग तापवण्यात?"

"थोडासा."

"आन तुमचा?"

मी म्हटलं, "माझाही. सगळ्यांचाच."

"सगळ्यांचा असला की बरं असतं," ती म्हणाली. "वाटून येतं."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, साधं बोलून गेली. मला मात्र ते लागलं. मी जे शिकवत होते त्यात खोटं काहीच नव्हतं. जग तापत होतंच, पाऊस बिघडला होताच. आमच्या एका उतारामुळे पृथ्वी तापली नाही, हे मी शास्त्र शिकलेली बाई म्हणून सांगू शकते. पण ते खरं मी पुढे धरलं होतं आणि त्याच्या आड उभी राहिले होते. एवढ्या मोठ्या जगात माझा एक अर्ज कुणाला दिसणार!

दोन वर्षांनी दादाचा निरोप आला. म्हैस विकतो आणि पोलादपुरात खोली घेऊन राहतो, या पाण्यात आता संसार होत नाही. पाठोपाठ वहिनी स्वतः महाडला आली. यष्टीने एकटी आलेली अशी तिला मी पहिल्यांदाच बघत होते. "म्हैस मी देणार नाय," ती दारातच म्हणाली. "नळपाण्याची योजना येतीय म्हणतात वाड्यांना. टाकी बांधतात, पाइप टाकतात. तुमी अर्ज लिवा. तुमचं अक्षर चांगलं हाय."

मी अर्ज लिहिला. आम्ही दोघी तो घेऊन पोलादपूरच्या कचेरीत गेलो. कारकून मध्यमवयीन, चांगला माणूस. त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाण्याचा ग्लास दिला. गट नंबर बघून आत गेला आणि जुनी फाईल घेऊन आला.

"ताई, अडचण आहे," तो म्हणाला. "टाकी बांधायची तर आधी पाणी पाहिजे. तुमच्या गटावर पाणवठ्याची नोंदच नाही. हे बघा ना, झाडतोडीच्या वेळचा तुमचाच कागद. अंतर निरंक." त्याने कागद माझ्याकडे फिरवला. "अक्षर काय सुंदर आहे बघा. आणि झाडांची शास्त्रीय नावंसुद्धा. आता असे अर्ज बघायला मिळत नाहीत."

वहिनीने मान पुढे केली. तिला सहीपुरतं येतं, वाचता येत नाही. "काय लिवलंय वन्सं?"

"जुनं काहीतरी आहे," मी म्हटलं. "नंतर सांगते."

पोलादपूरहून वर चढताना अर्ध्या वाटेवर एक सपाट दगड आहे, तिथे सगळे ओझं उतरवून बसतात. दुपारचे तीन वाजले असतील. समोर आमचा उतार दिसत होता, लाल, ओरखड्यांनी भरलेला. मी तिथे सांगितलं. अर्जात प्रश्न काय होता, तो कशासाठी होता, मी काय लिहिलं. एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर अर्धं गिळलं असतं.

वहिनीने पदराने तोंड पुसलं. "म्हंजे तुमाला ठावं होतं? पाण्यावरची झाडं तोडू देत नाय, ते?"

"हो."

"आन सासूबायनं विचारलं तवा खडक सांगितलात तो? वेगळा खडक?"

"मनाचा सांगितला."

ती एकदम हसायला लागली, आणि ते हसू मला अजून आठवतं, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "मी त्या दिवशी मागं बसले होते," ती म्हणाली. "सासूबायचं बरोबर वाटत होतं मला. पन म्हटलं, पुस्तकात असंल. पुढं पाणी आटलं तवा म्हटलं, आपला पन खडक बिघडला वाटतं त्या डोंगरासारखा. इतकी वर्षं मी त्या खडकाला शिव्या घातल्या, वन्सं. पाण्यावर बसून बसून. मेल्या खडका, म्हणायचे. तो बिचारा गप."

"वयनी, माझं चुकलं."

"उद्या परत जाऊ खाली. सांगा त्यांना, लिवलं ते खोटं हाय म्हणून."

"माझी नोकरी आहे वयनी. खोटी माहिती दिली असं लेखी दिलं तर उद्या कुणी…"

"म्हशीला काय सांगू?" ती उठत म्हणाली. "तुमच्या नोकरीचं सांगू?"

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत लेखी दिलं. पूर्वीची नोंद मीच केली, ती चुकीची होती आणि चुकीची आहे हे मला तेव्हा माहीत होतं, असं माझ्या त्याच सुंदर अक्षरात. कारकुनाने ते दोनदा वाचलं. माझ्या तोंडाकडे न बघता त्याने शिक्का मारला. माझ्या नोकरीला काही झालं नाही. कुणी विचारलंसुद्धा नाही. मला शिक्षा हवी होती असं नाही, पण इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं.

शाळेत मात्र तो धडा पुढे मला तसा शिकवता आला नाही. 'माणसाने निसर्गावर घाला घातला' या वाक्यापाशी आले की जीभ अडायची. माणसाने म्हणजे कुणी? मी वाक्य सोडून आकृतीवर जायची.

मे महिन्यात पाहणीचे साहेब आले. हे मात्र खरोखर वरपर्यंत चढले. खळग्यापाशी बसले, कळशी लावली, घड्याळ बघत राहिले. बायका भोवती उभ्या. कळशी भरायला इतका वेळ लागला की मधे त्यांनी टोपी काढून तोंडावर वारा घेतला, नंतर बुटाची नाडी सोडून परत बांधली.

"याच्यावर योजना होत नाही," ते म्हणाले. "बारमाही पुरेल एवढं पाणी लागतं. मी खोटं लिहून टाकी बांधेन, पण टाकीत काय भराल?"

"आधी पुरत होतं," वहिनी म्हणाली.

"आधी वर रान होतं." त्यांनी उतार नीट बघितला. "रान परत आलं तर पाणी येईल. पूर्ण नाही आलं तरी थोडं येईल. उतारावर आडवे चर खणा, पाऊस अडवा. राबासाठी फांदी तोडायची नाही. गुरं सोडायची नाहीत, एकही नाही. कोंब वर येऊ द्या. पाच-सहा पावसाळे द्या, मग मला बोलवा."

एकही नाही, हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं. पण बाकीच्यांच्या गाई आणि शेळ्या पलीकडच्या माळावर जायच्या. त्या उताराला लागून गोठा एकच होता, आणि तिथे चरणारी म्हैसही एकच. पलीकडचा माळ तिला लांब, वाटेत पाणी नाही, उन्हात म्हैस टिकत नाही.

साहेब गेल्यावर बायका तिथेच बसल्या. कुणी वहिनीचं नाव काढलं नाही. चरांची बोलणी झाली, कोण किती दिवस येणार याची. मी मधेच म्हटलं, "वयनी, म्हशीला बांधून ठेवा. चारा मी महाडहून पाठवते, पेंड पाठवते."

"आन पाणी?" ती म्हणाली. "ते पन पाठवा यष्टीनं. कंडक्टरला सांगा, हंडा सांभाळून आण."

"मग मी महाडला ठेवते तिला. मागे जागा आहे."

"फ्रीजाशेजारी बांधा. बरी दिसंल."

बायका हसल्या. वहिनी नाही हसली. तिने खळग्यात बघितलं, मग वर उताराकडे, मग म्हणाली, "नाते गावात माझी मामेबहीण हाय. तिच्याकडं विहीर हाय. तिला देते."

चूक माझी होती आणि म्हैस तिची. हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं. मी घरी परत गेल्यावर नळ सोडणार होते, चहात दूध घालणार होते. तिचं दूध बंद होणार होतं, हॉटेलातली तिची ओळख जाणार होती, यष्टीने एकटी महाडला येण्याचं बळ ज्यातून आलं ते जाणार होतं. वर्गात मी सांगायची की जग तापवणारे एक असतात आणि भोगणारे दुसरे. ते पुस्तकात दूरच्या देशांबद्दल लिहिलेलं होतं.

आठ दिवसांनी सकाळी म्हैस न्यायची ठरली. खालच्या रस्त्यावर टेम्पो येणार होता. दादा म्हणाला, मी नेतो. वहिनी म्हणाली, "तुमी नको. ही नेईल." ही म्हणजे मी. इतक्या वर्षांत वहिनीने मला पहिल्यांदाच असं म्हटलं. 'वन्सं' त्यानंतर मी तिच्या तोंडून ऐकलं नाही. का, ते मी विचारलेलं नाही.

दावं माझ्या हातात होतं, वहिनी मागे. मला म्हैस नेता येत नव्हती, विसरले होते. ती मला ओढत होती. गोठ्याकडून खाली उतरणारी पायवाट खळग्यावरून जाते. सकाळची वेळ, हंड्यांची रांग लागलेली, सात-आठ बायका बसलेल्या. रात्रभर साचून खळगा अर्धा भरला होता. दिवसभरात तेवढं पाणी पुन्हा साचत नसे. म्हशीला वास आला आणि ती वळली. मी दावं ओढून धरलं, दोन्ही पाय रोवले.

"सोड," वहिनी म्हणाली.

"वयनी, बायकांचं पाणी आहे."

"सोड गो तिला."

मी दावं ढिलं केलं. म्हशीने खळग्यात तोंड घातलं. रांगेतली पहिली बाई पुढे झाली आणि तिने आपला हंडा उचलून बाजूला घेतला, म्हशीला नीट उभं राहता यावं म्हणून. मग दुसरीने घेतला. म्हैस सावकाश पीत होती, घोट मोजता येतील इतकी सावकाश. तळ लागला तशी ती खडक चाटू लागली. वहिनी तिच्या मानेवर हात ठेवून उभी होती आणि आम्ही सगळ्या जणी ती पुरती थांबेपर्यंत वाट बघत राहिलो.